निबंध एआयने लिहिला असेल, तर वही कशी तपासायची?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये नववी-दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते. वर्षभरात मुलांचे निबंध बदललेत. ज्यांची वेलांटी-उकाराची बोंब असते, त्यांच्या वहीत अचानक एकही चूक नसलेली दोन पानं येतात आणि सगळ्यांची भाषा एकाच वळणाची. गेल्या महिन्यात एका मुलाचा निबंध मी एका वेबसाइटवर टाकून पाहिला. एआयने लिहिलेलं ती ओळखते म्हणतात. तिने 'एआय' असं सांगितलं, म्हणून मी सगळ्या वर्गासमोर त्याला जाब विचारला. तो रडला. म्हणाला, "बाई, मीच लिहिलंय, आजोबांना विचारून." तेव्हापासून तो माझ्या तासाला मान वर करत नाही. मुख्याध्यापक म्हणतात सरसकट बंदी घालू, संस्थेचे एक संचालक म्हणतात वर्गावर्गात एआय आणू. आणि घटक चाचणीचा पेपर काढायला मी स्वतःही तेच वापरते. मग मुलांना कोणत्या तोंडाने नाही म्हणू? — एक शिक्षिका

बाई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन-चार गोष्टी विचारल्यात, पण सगळ्यांत आधी त्या मुलाचं बघू या. बाकीचं चार दिवसांनी केलं तरी चालेल.

त्या वेबसाइटच्या उत्तरावर विसंबून राहू नका. चॅटजीपीटी ज्या कंपनीचं आहे त्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखयंत्र काढलं होतं आणि त्याची अचूकता कमी आहे म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये बंद केलं. ज्यांनी एआय बनवलं त्यांनाच ते खात्रीने ओळखता आलं नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात ओळखयंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध त्यांनी त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध 'एआय' ठरले. कारण साधं आहे. ही यंत्रं शब्दांची निवड किती अपेक्षित आहे ते मोजतात. ज्याचा शब्दसाठा मर्यादित आहे, जो बेताची, सरळ वाक्यं लिहितो, तो त्यांना यंत्रासारखा वाटतो. हे झालं इंग्रजीचं, ज्यावर ही साधनं बेतली आहेत. नववीतल्या मुलाच्या मराठीवर त्यांनी दिलेला निकाल कुणाच्या प्रामाणिकपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरणं मला अजिबात मान्य नाही.

तेव्हा तुम्ही त्याची माफी मागावी, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तीही वर्गासमोर, कारण आरोप वर्गासमोर झाला. लांबलचक बोलू नका. "मी एका वेबसाइटवर विश्वास ठेवला आणि तुला विचारायच्या आधी ठरवून टाकलं, हे चुकलं," एवढं पुरे. मग त्या निबंधात आजोबांनी काय सांगितलं होतं, ते त्याला सगळ्यांना सांगू द्या. त्याने खरंच लिहिलं नसेल तर? तरी माफी योग्यच, कारण तुमच्याकडे पुरावा नव्हता. शिक्षिकेने एका मुलावर चुकून विश्वास ठेवला तर फार बिघडत नाही. उलटं झालं की पोरगं वर्षभरासाठी हातचं जातं, ते तुम्ही बघताच आहात.

आता मूळ मुद्दा. एआयने हायस्कूलच्या मुलांचं भलं होतं की नुकसान, यावर तर्क खूप झालेत. मला त्यात सगळ्यांत उपयोगी वाटतो तो तुर्कीतल्या एका हायस्कूलमधला प्रयोग. जवळपास हजार विद्यार्थी, विषय गणित. एका गटाला सरावाच्या तासाला साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलं. दुसऱ्या गटाला तेच, पण शिक्षकांनी लगाम घातलेलं, म्हणजे उत्तर न देता पुढच्या पायरीची खूण देणारं. तिसऱ्या गटाला नुसती वही आणि पुस्तक. सरावात पहिल्या गटाची कामगिरी वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी चांगली आणि दुसऱ्याची तब्बल १२७ टक्क्यांनी. मग साधन काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. पहिला गट वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. लगामवाल्या गटाचं असं नुकसान जवळजवळ झालं नाही, पण परीक्षेत ती मुलं वही-पुस्तकवाल्यांच्या पुढेही गेली नाहीत.

हे आकडे मी इतक्या तपशिलात सांगितले, कारण तुमच्या संचालकांना आणि मुख्याध्यापकांना, दोघांनाही ते दाखवता येतील. सरावात मुलं हुशार दिसतात, पालक खूश होतात, वह्या स्वच्छ होतात, आणि शिकणं मात्र मागे जातं. मुलांनाही ते कळत नाही. आपल्याला येतंय असंच त्यांना वाटत राहतं.

याचं कारण तुम्ही रोज वर्गात बघता. ज्या मुलाला उत्तर माहीत नाही, त्याला शोधण्याचे जे कष्ट पडतात तेच त्याचं शिक्षण असतं. वाक्य सुचत नाही, खोडतो, पुन्हा लिहितो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, शब्द चुकीचा वाटतो म्हणून बदलतो. एआय नेमकी हीच खटपट वाचवतं. शिक्षकाची वाचलेली खटपट वेगळ्या जातीची असते. कवितेवर वेगळ्या धाटणीचे प्रश्न तुम्हाला हवे असतात, तेव्हा कविता तुम्हाला आधीच समजलेली असते. आलेल्या वीस प्रश्नांतले बारा टाकायचे हे तुम्हाला कळतं. म्हणून "कोणत्या तोंडाने नाही म्हणू" हा प्रश्न मनातून काढून टाका. तुम्ही वापरता यात दुटप्पीपणा नाही. तुमचं शिकून झालंय, त्यांचं व्हायचंय, आणि हे त्यांना जसंच्या तसं सांगितलं तर नववीतल्या मुलांना बरोबर कळतं. फक्त वापरता हे लपवू नका. पेपरच्या तळाशी लिहा : 'प्रश्न २ चे कच्चे पर्याय एआयकडून, निवड आणि तपासणी माझी'. मुलांकडून जो प्रामाणिकपणा हवाय, तो तुमच्याकडून त्यांना आधी दिसू दे.

तुमच्या भागात तर शिक्षकाला याचा चांगला उपयोग आहे. जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारी कितीतरी मुलं मराठी शाळेत बसतात. ऊसतोडीच्या हंगामात मध्येच येणारी आणि मध्येच जाणारी मुलं वेगळीच. एकच उतारा तीन पातळ्यांवर सोपा करून घेणं, सूचना कन्नडमध्ये करून घेऊन कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून एकदा नजरेखालून घालणं, दोन महिने बुडालेल्या मुलीसाठी चार पानांचा सराव काढणं, या कामांना एरवी रविवार जायचा. म्हणजे ती व्हायचीच नाहीत. अशैक्षणिक कामांच्या रेट्यात शिक्षकांचं काय होतं ते मला सांगायला नको. अहवाल, सूचना, पालकांची पत्रं यांचे मसुदे खुशाल करून घ्या आणि वाचलेला वेळ वह्यांना द्या.

मात्र व्याकरण एआयवर सोपवू नका. भुजंगप्रयात वृत्तातली एखादी ओळ देऊन लघुगुरू आणि गण पाडायला सांगून बघा. चार य-गण यायला हवेत हे तुम्हाला पाठ आहे. ते मात्र पुष्कळदा भलतेच गण पाडतं आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने. आपण अक्षर बघतो, मात्रा ऐकतो. ते मजकुराचे स्वतःच्या सोयीने तुकडे पाडतं आणि पुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त, एवढंच ठरवतं. तुकडा आणि अक्षर यांचा मेळ बसत नाही, मराठीत तर फारच कमी बसतो. समासाचे विग्रह, वाक्प्रचारांचे अर्थ, बहुपर्यायी प्रश्नांत एकाऐवजी दोन बरोबर पर्याय पडणं, सगळीकडे हीच सावधगिरी ठेवा.

आता निबंध. हे उत्तर लिहिण्याआधी मी एआयला विषय दिला, 'आमच्या गावचा आठवडी बाजार'. आलेल्या निबंधात पहाटेची कोवळी किरणं होती, रंगीबेरंगी दुकानं होती, लगबग होती, 'ताज्या भाज्यांचा सुगंध' होता आणि शेवटच्या परिच्छेदात बाजार हा माणुसकीचा मेळा असतो असं म्हटलं होतं. शुद्धलेखनाची एक चूक नाही. पण त्या बाजारात कशाचाही भाव नव्हता. वांगी कितीला, हे कुणी विचारत नव्हतं. गावाचं नाव नव्हतं, वार नव्हता. तराजूवर कुणाचा संशय नव्हता, चिखल नव्हता, शेवटच्या एसटीची घाई नव्हती. उरलेली कोथिंबीर संध्याकाळी निम्म्या भावात काढणारी बाई नव्हती. तुमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचे आईवडील त्या बाजारात बसतात किंवा तिथून पिशवी भरून आणतात. त्यांना हे सगळं माहीत आहे. मग ते वहीत का येत नाही?

इथे मला थोडं आपल्या सगळ्यांबद्दल बोलायचंय. एआय यायच्या कितीतरी आधीपासून आपण मुलांकडून असेच निबंध लिहून घेत होतो. गाइडातून, फळ्यावरून, मागच्या वर्षीच्या हुशार मुलीच्या वहीतून. सुविचाराने सुरुवात, मध्ये निसर्ग, शेवटी संदेश, आणि त्याला दहापैकी आठ. ज्याने बाजारातलं खरं भांडण लिहिलं, त्याच्या बोलीतल्या शब्दांखाली आपण लाल रेघा ओढल्या. एआय जे लिहितं ते आपण वर्षानुवर्षं ज्याला गुण दिले तेच आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नातला मोठा भाग मुलांना पकडण्याचा नाही, आपण गुण कशाला देतो ते बदलण्याचा आहे.

त्यासाठी वर्गात असं करून बघा. एआयने लिहिलेला असा एक निबंध छापून प्रत्येक बाकावर द्या आणि लाल पेन मुलांच्या हातात. काम एकच, यात खोटं, मोघम किंवा कुठल्याही गावाला लागू पडेल असं जे काही आहे त्याखाली रेघ मारायची आणि समासात आपल्या बाजारातली खरी गोष्ट लिहायची. एक तास लागेल. एरवी निबंधाला कंटाळणारी मुलंही यात उतरतात, कारण चुका काढण्याचा अधिकार त्यांना क्वचित मिळतो. शिवाय ज्या विषयातलं आपल्याला कळतं त्यात हे साधन किती पोकळ बोलतं, हे त्यांना एकदा दिसलं की ज्यातलं कळत नाही त्यातही ते जरा सावध होतात.

पुढच्या निबंधाला लिहायचं काम घरी देऊच नका. घरी फक्त साहित्य गोळा करायचं. आजीला विचारून तिच्या लहानपणचा बाजार, चार वस्तूंचे तेव्हाचे आणि आताचे भाव, ती वापरते ते पाच शब्द जे पुस्तकात नाहीत. वर्गात जोडून दोन तास घ्या आणि तिथे वहीत लिहून घ्या, खाडाखोडीसकट. खाडाखोडीला गुण द्या, हो, खरंच द्या. पहिला मसुदा आणि दुसरा मसुदा यांत काय बदललं याला दोन गुण ठेवलेत की मुलं पहिला मसुदा जपून ठेवतात. दहावीला भाषेच्या ८० गुणांच्या लेखीबरोबर २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन आहेच. त्या तोंडी परीक्षेत प्रत्येकाला स्वतःच्या निबंधावर दोन प्रश्न विचारा. "हा शब्द इथे का घातलास?" एवढा एक प्रश्नही बरंच काही सांगून जातो, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही.

एआय मुलांच्या हाती द्यायचंच असेल तर यानंतर, स्वतःचा मसुदा पूर्ण झाल्यावर, शाळेतल्या संगणक कक्षात, तुम्ही समोर असताना. आणि त्याला 'सुधारून दे' म्हणायचं नाही. 'हा निबंध वाचणाऱ्याला काय कळणार नाही ते सांग, प्रश्न विचार, तू स्वतः एकही वाक्य लिहू नकोस' असं म्हणायचं. तुर्कीतल्या दुसऱ्या गटाचा लगाम तो हाच.

इतिहासात तर तुम्हाला आयती संधी आहे. दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा इतिहासलेखनाचा. मूळ कागदपत्रांची चिकित्सा केल्याशिवाय इतिहास लिहू नये, असा आग्रह धरणारे जर्मन इतिहासकार रांके त्यात आहेत. मुलं ते पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी गटाला एआयचं एक उत्तर द्या, समजा पुरंदरच्या तहावर, आणि सांगा, यातल्या प्रत्येक विधानासमोर पुरावा लिहा. साल १६६५, किल्ले २३, हे पुस्तकात सापडेल. उरलेलं कुठून आलं? त्याने एखाद्या ग्रंथाचं नाव दिलं असेल तर तो ग्रंथ खरंच आहे का, हे वाचनालयात जाऊन बघा, कारण नसलेल्या ग्रंथांची नावं देण्याची खोड त्याला आहे. अख्खा धडा शिकवून जे होत नाही ते त्या एका खोट्या संदर्भाने होईल.

राहता राहिले तुमचे मुख्याध्यापक आणि संचालक. शाळेत मोबाइल नको, या मुख्याध्यापकांच्या म्हणण्याला मी पूर्ण पाठिंबा देईन, पण तो विषय वेगळा. एआयवर सरसकट बंदी न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी घालून पाहिली. चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला, बंदी आली जानेवारी २०२३ मध्ये आणि मे महिन्यात उठवली गेली. शाळेच्या फाटकाबाहेर ती पोचत नाही, आणि ज्यांच्या घरी फोन आहे त्यांना ती लागूच होत नाही. तुमच्या वर्गात अशीही मुलं असतील ज्यांच्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. घरच्या लेखनाला गुण दिले की ही मुलं हरतात, आणि एआय वापरायला लावून घरी पाठवलं तरीही हीच हरतात. मला यातली सगळ्यांत बोचणारी गोष्ट ही वाटते.

संचालकांना नायजेरियातलं उदाहरण सांगा. २०२४ मध्ये तिथल्या एडो राज्यात जागतिक बँकेच्या मदतीने शाळा सुटल्यावर सहा आठवडे इंग्रजीचे वर्ग चालवले. मुलं संगणकावर एआयशी बोलत होती आणि मुलांना चांगला फायदा झाला. पण प्रत्येक तासाला शिक्षक हजर होते, विषय आणि पहिला प्रश्न तेच देत होते. संचालकांना वर्गावर्गात एआय आणायचंच असेल तर आधी विचारा : संगणक कक्षातले किती संगणक सुरू आहेत, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे तास कुठून काढायचे? ही दोन उत्तरं मिळाली तर बैठकीत होकार द्या.

एक गोष्ट दोघांकडूनही लेखी घ्या. मुलांची नावं, गुण, आधार क्रमांक, फोटो, आजारपणाचे किंवा जातीचे दाखले यांतलं काहीही कुठल्याही एआयमध्ये टाकायचं नाही, शिक्षकांनीही नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक धरला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. युनेस्कोनेही २०२३ च्या मार्गदर्शनात वर्गात हे वापरण्यासाठी किमान १३ वर्षांची मर्यादा सुचवली होती. तुमची नववीतली मुलं त्या मर्यादेच्या जेमतेम पलीकडे आहेत, तेव्हा पालकांना विचारल्याशिवाय कुणाचंही खातं उघडू नका. वहीचा फोटो टाकून अभिप्राय घ्यायचा मोह होईल. कोपऱ्यातलं नाव आणि हजेरी क्रमांक आधी झाका.

पालकसभेत नीतिमत्तेवर फार बोलू नका. दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत आणि ते तीन तासांच्या पेपरात, हातात फक्त पेन असताना मिळवायचे आहेत, हे सांगा. तुर्कीतला तो १७ टक्क्यांचा आकडा फळ्यावर लिहा. मग विनंती करा, की पहिल्या मसुद्याच्या वेळी घरचा फोन मुलाच्या हाती देऊ नका, अडलं तर त्याच्याशी बोला. स्वतः न शिकलेल्या आईवडिलांनाही हे जमण्यासारखं आहे. त्यांनी फक्त त्यांच्या आठवणी सांगायच्या आहेत.

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात लाल पेनाचा तास घ्या आणि त्यानंतरच्या आठवड्यात वर्गातला निबंध. विषय ठरवताना पुस्तकातले टाळा. पाण्याचा टँकर येतो तो दिवस, गावच्या यात्रेतली एक चूक, आमच्या घरातलं सगळ्यांत जुनं भांडं, असे निवडा. मुख्याध्यापकांना द्यायच्या नियमांचा मसुदा एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. झाला की मला पाठवा, मी बघून देईन.